कन्सोल मागे पडला तर? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतचे कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, खेळणारे, आणि त्याहून जास्त त्यांचे आईवडील, हे प्रश्न सारखे विचारतात. निम्मे प्रश्न "अमुक कंपनीचा कन्सोल खपत नाही म्हणे, आता काय होणार?" असे असतात, निम्मे "मग मी घेतलेल्याचं काय?" असे. दोन्हींची उत्तरं मुद्दाम एकत्र दिली आहेत, कारण कंपनीच्या वरच्या मजल्यावर घेतलेल्या निर्णयाची किंमत दोन-तीन वर्षांनी वाशीतल्या गिऱ्हाइकाला मोजावी लागते.

१. कन्सोलची विक्री "वाईट" आहे असं कधी म्हणायचं? किती विकले म्हणजे पुरे?

असा एकच आकडा नाही. निन्टेन्डोचा गेमक्यूब सुमारे २ कोटी १७ लाख खपला, तर मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स सुमारे २ कोटी ४० लाख, म्हणजे थोडा जास्तच. तरी निन्टेन्डो त्या काळातही वर्षाअखेर नफ्यात राहिली आणि मायक्रोसॉफ्टला त्या यंत्रापायी अब्जावधी डॉलरचा तोटा झाला. यंत्र बनवायला किती खर्च आला, एका यंत्रामागे किती गेम विकले गेले आणि कंपनीनं स्वतः आधी काय अंदाज दिला होता, या तिन्हींशी ताडून आकडा वाचावा.

अंदाज चुकणं ही सगळ्यात बोलकी खूण. मार्च २०१४ ला संपणाऱ्या वर्षात ९० लाख वी यू (वी या गाजलेल्या कन्सोलनंतरचं यंत्र) विकू, असं निन्टेन्डोनं सांगितलं होतं. जानेवारीत तो अंदाज थेट २८ लाखांवर आणला. शेअर बाजार आणि गेम बनवणारे स्टुडिओ, दोघांनीही त्या दिवशी काय ते ओळखलं.

२. बातमीत कधी "शिप झाले" लिहितात, कधी "विकले गेले". दोन्ही एकच ना?

नाही. शिप झाले म्हणजे कारखान्यातून वितरकाकडे किंवा दुकानदाराकडे गेले. तो माल गोदामात पडून राहिला तरी कंपनीच्या हिशोबात विक्री धरली जाते. निन्टेन्डो आणि सोनी जाहीर करतात ते आकडे बहुतेक याच प्रकारचे असतात. सुरुवातीला भरपूर शिपमेंट आणि पुढच्या तिमाहीत एकदम शुकशुकाट असं दिसलं, तर दुकानात माल तुंबलाय असं समजा.

मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०१५ पासून कन्सोलचे नग सांगणंच बंद केलं. आता ते फक्त हार्डवेअरच्या उत्पन्नात किती टक्के चढ-उतार झाला ते सांगतात. जून २०२४ ला संपलेल्या तिमाहीत ते उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्क्यांनी घटलं, त्याच वर्षीच्या डिसेंबर तिमाहीत २९ टक्क्यांनी. कंपनी नग लपवून टक्के दाखवू लागली की नग चांगले नाहीत असं खुशाल धरून चाला.

३. कंपन्या कन्सोल तोट्यात विकतात म्हणे. मग कमी विकले गेले तर तोटा कमीच होईल ना?

यंत्रावरचा तोटा कमी होतो, पण ज्यातून पैसा यायचा ते बंद पडतं. कन्सोल हा या धंद्याचा दरवाजा आहे. त्यातून आत आलेला माणूस पुढची सहा-सात वर्षं गेम, सबस्क्रिप्शन, कंट्रोलर घेतो, आणि कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवर विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या प्रत्येक गेममधला साधारण ३० टक्के वाटा कन्सोलवाल्याला मिळतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात एक्सबॉक्सच्या अधिकाऱ्यांनी साक्ष दिली होती की कन्सोलच्या विक्रीवर मायक्रोसॉफ्टनं कधीच नफा कमावलेला नाही.

खरी अडचण पुढे सुरू होते. यंत्रं कमी, म्हणून स्टुडिओ गेम आणत नाहीत. गेम नाहीत, म्हणून यंत्र कोणी घेत नाही. हे चक्र एकदा फिरू लागलं की किंमत उतरवूनही सहसा थांबत नाही.

४. वी घरोघरी होता, मग वी यू एवढा का पडला? गेम खराब होते का?

गेम उत्तम होते, आणि त्याचा पुरावा आकड्यांत आहे. मारिओ कार्ट ८ वी यूवर सुमारे ८४ लाख खपला. तोच गेम थोडी भर घालून निन्टेन्डोच्याच पुढच्या यंत्रावर, स्विचवर, आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला.

चुकलं ते सांगण्यात. जून २०११ मध्ये यंत्र दाखवताना सगळा भर पडदा असलेल्या गेमपॅडवर होता, पेटी जेमतेम दिसली. नावही जुन्याच नावाला एक अक्षर चिकटवलेलं. हा आपल्या वीला जोडायचा नवा कंट्रोलर आहे, असा असंख्य गिऱ्हाइकांचा समज झाला. १८ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकेत ३०० आणि ३५० डॉलरला यंत्र आलं, गेमपॅडमुळे ते स्वस्तही करता येईना, आणि वर्षभरात प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन येऊन ठेपले. बाहेरच्या स्टुडिओंनी पाय मागे घेतला. जानेवारी २०१७ मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा एकूण विक्री १ कोटी ३५ लाख ६० हजार होती. आधीच्या वीची होती १० कोटी १६ लाख.

५. सेगा कन्सोलमधून कायमची बाहेर का पडली? पायरसीमुळे ना?

आपल्याकडे हे उत्तर फार लोकप्रिय आहे, पण ते टिकत नाही. ड्रीमकास्टच्या संगीत-सीडीसाठी ठेवलेल्या एका सोयीतून नकली डिस्क चालायला लागल्या, हे खरं. पण ते घडलं २००० मध्ये. त्याच सुमारास आलेल्या प्लेस्टेशन २ च्या नकली डिस्क ठाणे-दादरच्या स्टेशनबाहेर ढिगानं मिळायच्या, तरी तो आजवरचा सर्वाधिक खपलेला कन्सोल ठरला. सेगाचं दुखणं त्याच्या सहा वर्षं आधीचं आहे.

नोव्हेंबर १९९४ मध्ये एकाच महिन्यात सेगानं जपानमध्ये सॅटर्न आणला आणि अमेरिकेत जुन्या यंत्रावर बसवायचं ३२एक्स विकायला काढलं. नवं यंत्र दारात उभं असताना जुन्यावरचं जोडयंत्र कोण घेणार? ज्यांनी घेतलं ते पस्तावले आणि पुढे सेगाच्या पेटीकडे संशयानं बघू लागले. जपानमधलं मुख्यालय आणि अमेरिकेतली शाखा यांचे निर्णय एकमेकांना छेद देत होते.

मग आला ११ मे १९९५. लॉस एंजेलिसच्या पहिल्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनी जाहीर केलं की सॅटर्न सप्टेंबरऐवजी आजच विक्रीला आहे, किंमत ३९९ डॉलर. माल फक्त निवडक चार साखळ्यांकडे होता. ज्यांना वगळलं ते दुकानदार भडकले. केबी टॉइजनं तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. स्टुडिओंचे गेम सप्टेंबरच्या हिशोबानं चालले होते, त्यामुळे दुकानात पेट्या होत्या आणि गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस मंचावर आला आणि प्लेस्टेशनची किंमत सांगून खाली उतरला: २९९. त्यातच सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर, दोघांना एकाच वेळी कामाला लावणं भल्याभल्यांना जमेना. तो सुमारे ९२ लाख ६० हजारांवर थांबला.

ड्रीमकास्ट खरोखर चांगलं यंत्र होतं. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला १९९ डॉलरला आलं, डबीत मोडेमसकट. पण तोवर तिजोरीत खडखडाट होता, ईए या बड्या गेम कंपनीनं आपले खेळ द्यायला नकार दिला होता, आणि डीव्हीडी चालवणाऱ्या प्लेस्टेशन २ ची वाट बघत लोकांनी पैसे राखून ठेवले. ३१ जानेवारी २००१ ला सेगानं माघार जाहीर केली. विक्री सुमारे ९१ लाख ३० हजार.

अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनीला दिलेली कर्जं माफ केली आणि सुमारे ६९.५ कोटी डॉलर किमतीचे स्वतःचे शेअर कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ ला ते वारले. सेगा आज गेम बनवते आहे त्यात त्या पैशाचा वाटा मोठा आहे, आणि हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

६. एक्सबॉक्स मागे कधीपासून पडला? आपल्याकडे तर दिसतच नाही फारसा.

एक्सबॉक्स ३६० चा काळ जोरात होता, जरी तीन लाल दिव्यांच्या बिघाडापायी जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली आणि वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली. पैसा गेला, पण यंत्र बदलून दिल्यामुळे लोकांचा विश्वास टिकला.

तो गेला २१ मे २०१३ नंतर. ३६० नंतरचा एक्सबॉक्स वन जाहीर करताना एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांच्या चमूनं टीव्हीवर इतका वेळ घालवला की खेळणाऱ्यांना आपण पाहुणे वाटलो. मग नियम कळले: २४ तासांतून एकदा नेटला जोडणं सक्तीचं, जुन्या डिस्क देण्या-घेण्यावर बंधनं, किनेक्ट कॅमेरा गळ्यात बांधलेला. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी ३६० आहेच, असं मॅट्रिक मुलाखतीत म्हणाले. १९ जूनला नियम मागे घेतले, जुलैत मॅट्रिक कंपनी सोडून झिंगा या गेम कंपनीत गेले. किंमत मात्र ४९९ डॉलरच राहिली आणि प्लेस्टेशन ४ ची ३९९. प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटी ७० लाखांच्या वर गेला. एक्सबॉक्स वनची विक्री त्याच्या निम्म्याहूनही कमी होती, हे मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या कागदपत्रांत स्वतःच मान्य केलं.

भारतात आणखी एक घाव बसला तो तारखांचा. प्लेस्टेशन ४ इथे ६ जानेवारी २०१४ ला आला, एक्सबॉक्स वन २३ सप्टेंबर २०१४ ला. दोघांची सुरुवातीची किंमत ३९,९९०, पण मधले साडेआठ महिने सोनीला मोकळे मिळाले. कळव्याच्या एका इमारतीत चार मुलांनी प्लेस्टेशन घेतला की पाचवा दुसरं काही घेत नाही, कारण डिस्क त्या चौघांकडून मिळणार आणि रात्री ऑनलाइनही तेच भेटणार. जुन्या डिस्कच्या बाजारातही मग तेच गेम फिरतात. आज तुम्हाला एक्सबॉक्स कमी दिसतो त्याचं मूळ त्या साडेआठ महिन्यांत आहे.

२०२० नंतरच्या पिढीत एक तांत्रिक अडसर आहे. प्रत्येक गेम महागड्या सिरीज एक्सवर चालतो तसाच स्वस्त आणि कमी ताकदीच्या सिरीज एसवरही चालला पाहिजे, अशी अट होती. बाल्डर्स गेट ३ प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरात, तो सिरीज एसवर दोघांसाठी पडदा विभागणं जमत नव्हतं म्हणून.

७. मोठा साहेब बदलला की कन्सोल सुधारतो का?

लगेच नाही, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आमच्या मते हीच आहे. कन्सोलचं यंत्र ठरवायला आणि बनवायला तीन-चार वर्षं लागतात, मोठा गेम बनवायला त्याहून जास्त. आज दिसणारी विक्री ही आधीच्या साहेबाच्या निर्णयांची असते. नवा माणूस मंचावर येऊन वाईट बातमी सांगतो आणि शिव्या खातो. ज्यानं ती वेळ आणली तो बहुधा केव्हाच बाहेर पडलेला असतो.

पीटर मूर यांनी अमेरिकेत ड्रीमकास्टचा शेवट जाहीर केला, पण ते सेगात आले १९९९ मध्ये, सॅटर्नचं सगळं होऊन गेल्यावर. एक्सबॉक्सचे प्रमुख झालेल्या फिल स्पेन्सर यांना मार्च २०१४ मध्ये आधीच बाजारात आलेलं एक्सबॉक्स वन मिळालं. तीन महिन्यांत किनेक्टशिवाय ३९९ डॉलरची आवृत्ती त्यांनी काढली, पण स्वतःचा ठसा असलेलं यंत्र आलं नोव्हेंबर २०१७ मध्ये. श्रेयाचंही असंच होतं. निन्टेन्डोचा स्विच मार्च २०१७ मध्ये आला तेव्हा तात्सुमी किमिशिमा अध्यक्ष होते. त्याची आखणी झाली ती आधीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांच्या हाताखाली, जे जुलै २०१५ मध्ये वारले होते. तो स्विच १५ कोटींच्या पुढे गेला.

म्हणून नव्या प्रमुखाला जोखायचं तर पहिल्या वर्षात तीनच गोष्टी बघाव्यात: किंमत, नियम, आणि कोणते स्टुडिओ ठेवले किंवा बंद केले. एवढंच त्याच्या हातात असतं.

८. निन्टेन्डोच्या प्रमुखांनी स्वतःचा पगार कापून घेतला हे खरं आहे का?

खरं आहे, दोनदा. २०११ मध्ये ३डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राची किंमत घाईनं उतरवावी लागली तेव्हा, आणि २०१४ मध्ये वी यूचा अंदाज कोसळला तेव्हा (प्रश्न १). दुसऱ्या वेळी इवातांनी पाच महिने निम्माच पगार घेतला, शिगेरू मियामोतो आणि गेन्यो ताकेदा यांनी ३० टक्के कापून घेतला, बाकीच्या संचालकांनी २० टक्के. त्यातून तोटा भरून निघण्याइतकी ती रक्कम नव्हती. पण ज्यांनी पुढचं यंत्र बनवायचं होतं ते कामावर राहिले.

उलट उदाहरणही ताजं आहे. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरला ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली, जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातले १,९०० लोक कमी केले आणि मे महिन्यात टँगो गेमवर्क्ससह काही स्टुडिओ बंद केले. टँगोचा हाय-फाय रश वर्षभरापूर्वीच वाखाणला गेला होता. बीजीएमआयवाल्या क्राफ्टननं पुढे तो स्टुडिओ उचलला. चांगलं काम करूनही दार बंद होत असेल तर हुशार माणसं अशा ठिकाणी थांबत नाहीत, आणि त्याचा परिणाम चार वर्षांनी गेमच्या यादीत दिसतो.

९. मागे पडलेला कन्सोल पुन्हा वर आला, असं कधी झालंय?

हो. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, त्यातल्या सेल नावाच्या प्रोसेसरवर काम करणं अवघड, सुरुवातीचे गेम किरकोळ. सोनीच्या गेम विभागाचे केन कुतारागी २००७ मध्ये बाजूला झाले, काझ हिराई यांनी सूत्रं घेतली, खर्च कापला, आणि सप्टेंबर २००९ मध्ये २९९ डॉलरचं स्लिम मॉडेल आलं. शेवटी तो ८ कोटी ७४ लाखांवर गेला.

३डीएस २५,००० येनला आला आणि सहा महिन्यांत १५,००० येनवर उतरला. आधी घेतलेल्यांची फसगत होऊ नये म्हणून त्यांना २० जुने गेम फुकट दिले. तो जवळपास ७ कोटी ६० लाख खपला. दोन्ही वेळा कंपनीकडे वाट बघायला पैसा होता आणि स्वतःचे स्टुडिओ शाबूत होते. सेगाकडे पहिली गोष्ट नव्हती.

१०. विक्री कमी म्हणून दुकानात घासाघीस केली की एक्सबॉक्स स्वस्तात मिळतोय. मुलाची दहावी झाली की घ्यायचाय. घ्यावा का?

आधी मुलाला विचारा की त्याचे मित्र कशावर खेळतात. तो प्लेस्टेशनचा कंपू असेल तर चार-पाच हजारांची बचत महिनाभरात विसरायला होईल. एकट्यानं खेळणारा असेल, घरात चांगलं फायबर नेट असेल आणि महिन्याचं सबस्क्रिप्शन भरून भरपूर गेम चाळायचे असतील, तर एक्सबॉक्स अजूनही चांगला सौदा आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. "हा गेम फक्त एक्सबॉक्सवर" हे कारण आता विरत चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये चार गेम दुसऱ्या यंत्रांवर नेण्याचं जाहीर झालं, एप्रिल २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ प्लेस्टेशन ५ वर आला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलोही तिकडे येणार असल्याचं कंपनीनं सांगितलं. केवळ त्या गेमसाठी यंत्र घेणार असाल तर थांबा.

डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल पेटीपुरतं स्वस्त पडतं. पण वापरून झालेली डिस्क विकता येत नाही, मित्राची आणता येत नाही, आणि ऑनलाइन स्टोअरच्या भावाखेरीज दुसरा भाव उरत नाही. ज्या कंपनीचं भवितव्य डळमळीत वाटतं तिचं तर डिस्क असलेलंच मॉडेल घ्यावं.

११. वापरलेला घेताना काय तपासायचं?

विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात जाऊनच घ्या. स्टेशनच्या पुलावर उभ्या-उभ्या व्यवहार नको. स्वतःची एचडीएमआय केबल, एक डिस्क आणि मोबाइलचा हॉटस्पॉट बरोबर न्या.

यंत्र तुमच्यासमोर फॅक्टरी रिसेट करून घ्या आणि स्वतःच्या खात्यानं ऑनलाइन लॉगिन करून बघा. कंपनीनं ते यंत्र बॅन केलं असेल तर इथेच कळतं. मग डिस्क घालून गेम किमान अर्धा तास चालू ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात. सुकलेली थर्मल पेस्ट आणि धुळीनं भरलेला पंखा त्यानंतर बोलू लागतात, आणि आपल्याकडच्या धूळ-दमटपणात चार वर्षं न उघडलेलं यंत्र असं असणारच. एचडीएमआय केबल खोचून हलकेच हलवा, चित्र गेलं तर पोर्ट सैल आहे. कंट्रोलरची काठी सोडून द्या आणि पडद्यावरची नजर आपोआप सरकते का बघा.

एक्सबॉक्सचा डिस्क ड्राइव्ह बिघडला असेल तर "दुसरा टाकून देतो" यावर विसंबू नका. ड्राइव्हवरचा सर्किट बोर्ड त्या यंत्राच्या मदरबोर्डशी जोडीनं बांधलेला असतो. मूळ बोर्ड नव्या ड्राइव्हवर बसवला तरच डिस्क वाचली जाते. कारागिराला हे आधी विचारा; माहीत नसेल तर दुसरीकडे जा. बाहेरून आणलेला असेल तर प्रश्न १४ पाहा.

१२. ऑनलाइन स्टोअर बंद झालं की विकत घेतलेले गेम जातात का?

स्टोअर बंद होणं, डाउनलोड बंद होणं आणि ऑनलाइन खेळ बंद होणं या तीन वेगळ्या तारखा असतात. वी यू आणि ३डीएसवर २७ मार्च २०२३ नंतर नवी खरेदी थांबली, ८ एप्रिल २०२४ ला ऑनलाइन खेळ थांबला, पण घेतलेले गेम पुन्हा उतरवता येत राहिले. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. तिथेही घेतलेले गेम राहिले.

बंदची तारीख जाहीर झाली की ही कामं त्याच आठवड्यात करा: घेतलेला प्रत्येक गेम उतरवून ठेवा, सगळे अपडेट घ्या, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड चालतो का तपासा, वॉलेटमध्ये पैसे असतील तर खर्च करा. नंतरचं डाउनलोड ही कंपनीची मेहेरबानी असते.

१३. नेट किंवा वीज गेली की एक्सबॉक्सवर डिजिटल गेम चालत नाही. काय करू?

सेटिंग्जमध्ये जनरल, मग पर्सनलायझेशन, मग माय होम एक्सबॉक्स उघडा आणि आपलं यंत्र होम म्हणून नेमा. त्यानंतर विकत घेतलेले गेम नेटशिवाय चालतात. खातं मित्राच्या यंत्रावर होम केलेलं असेल तर तुमच्याकडे अडणारच. बदलायची संधी वर्षातून मोजकीच मिळते. अगदी पहिल्यांदा यंत्र सुरू करताना मात्र नेट लागतंच.

पावसाळ्यात वीज येते-जाते तेव्हा खरा धोका बाहेरच्या हार्ड डिस्कला असतो. गेम उतरत असताना वीज गेली की ती बिघडू शकते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावा. तो खेळण्यासाठी पुरणार नाही, पण यंत्र नीट बंद करण्याइतका वेळ देतो. सिरीज एक्स आणि एसचे गेम यूएसबी डिस्कवर साठवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. एक्सबॉक्स वनचे खेळता येतात.

१४. मामानं अमेरिकेहून वी यू पाठवलाय. इथे लावला तर चालेल का?

थेट सॉकेटला लावू नका. ॲडॉप्टरवर "इनपुट" काय लिहिलंय ते वाचा. १००-२४० व्होल्ट असेल तर नुसता पिन-कन्व्हर्टर पुरतो. १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. वी यूचा ॲडॉप्टर १५ व्होल्ट ५ अँपिअर देतो, म्हणजे ७५ वॉट. त्याला १५० वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० वॉटचा तापतो. गेमपॅडचा चार्जर वेगळा असतो, तोही तपासा.

दुसरं म्हणजे वी यू रीजन-लॉक आहे. अमेरिकन यंत्रावर युरोपची किंवा जपानची डिस्क चालत नाही, आणि गेमपॅडसुद्धा त्याच रीजनचा लागतो. अमेरिकेत तो सुटा विकलाच गेला नाही, त्यामुळे फुटला तर तसाच वापरलेला शोधावा लागतो.

१५. वी यू दोन वर्षं कपाटात होता. आता एरर १६०-०१०३ येतो.

आतली मेमरी चिप दगावली आहे. डिस्क पुसून किंवा यंत्र रिसेट करून ती सुधारत नाही, उलट रिसेट अर्धवट राहून यंत्र पूर्ण बंद पडू शकतं. यूएसबी डिस्कवर हलवलेला डेटाही त्याच यंत्राच्या किल्लीनं बंद केलेला असतो, दुसऱ्या वी यूवर उघडत नाही. चिपची प्रत आधी काढलेली असेल तरच जाणकार सूक्ष्म-सोल्डरिंगवाला काही करू शकतो. ज्यांचा अजून चालतोय त्यांनी ती प्रत आजच काढून घ्यावी.

१६. ड्रीमकास्ट दर वेळी तारीख विचारतो.

आतली चार्ज होणारी बॅटरी संपली. ती कंट्रोलर-पोर्टच्या बोर्डवर सोल्डर केलेली असते. जागेवर होल्डर बसवून एमएल२०३२ घाला. सीआर२०३२ दिसायला तशीच, पण ती चार्ज होणारी नाही आणि यंत्र तिला चार्ज करायला बघेल. गळती होऊन बोर्ड खराब होतो. मेमरी कार्डात मात्र दोन सीआर२०३२ च लागतात. सॅटर्नमध्ये मागच्या झाकणाखाली एक सीआर२०३२ असते, ती गेली की सेव्ह जातात, म्हणून दोन वर्षांनी बदलावी.

१७. सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होत नाही, कार्ड तर चालू आहे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर महिन्याच्या वजावटीला ई-मँडेट (बँकेकडे आधी नोंदवलेली परवानगी) लागतो आणि २४ तास आधी सूचना यावी लागते. १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. परदेशी कंपनीनं तुमच्या बँकेशी ही सोय केली नसेल तर वजावट नुसतीच नाकारली जाते. प्रीपेड कोड घ्या, पण तो तुमच्या खात्याच्याच देशाचा हवा.

१८. कंपनीनं सेवा बंद केली किंवा वॉरंटीत टाळाटाळ केली तर तक्रार कुठे?

दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत. वॉरंटीत बिघाड दुरुस्त न करणं ही सरळ सेवेतली त्रुटी. आधी ईमेलवर लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानं काम झालं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता बंगळुरूचा असला तरी. ठाणे आणि ऐरोली-वाशी-बेलापूरकडच्या नवी मुंबईतल्या लोकांसाठी तो जिल्हा ठाणे; खारघर, कामोठे, पनवेलकरांसाठी रायगड. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. जीएसटी बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि सगळा ईमेल व्यवहार जोडा. बिलाशिवाय आणलेल्या ग्रे मार्केटच्या मालाची बाजू फार लंगडी पडते.

जुनं स्टोअर किंवा सर्व्हर बंद केल्याची तक्रार मात्र कठीण आहे. खातं उघडताना मान्य केलेल्या अटींत सेवा थांबवण्याचा हक्क कंपनीनं राखलेला असतो आणि गेम "विकलेला" नसून वापरायला दिलेला असतो. अपवाद एकच भक्कम: पैसे आगाऊ भरलेली मुदत संपायच्या आत सेवा बंद झाली, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागा. त्यासाठी सबस्क्रिप्शनची पावती आणि बंदची सूचना, दोन्ही जपून ठेवा.